कंट्रोलर साहेबांचा रशियन पाहुणा

बबनराव गुल्हाने यांनी आयुष्यात एकही चूक केली नाही. हे माझं मत नाही, त्यांचं होतं. नेरच्या बसस्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते, आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गाव त्यांना कंट्रोलर साहेब म्हणूनच ओळखायचं. काचेच्या खिडकीमागे बसून माइकवर गाड्या पुकारणं हे त्यांचं काम. त्यांच्या भाषेत गाडी कधी लेट नसायची, ती 'मार्गावर' असायची. बंद पडलेली गाडी 'थांबलेली' असायची. जी रद्द झाली तिच्याबद्दल ते बोलायचेच नाहीत. लोक काय ते समजून घरी जायचे.

माइकवर पुस्तकी मराठी आणि माइक बंद झाला की वऱ्हाडी, असा त्यांचा शिरस्ता होता. "दारव्हामार्गे दिग्रसला जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे," एवढं संपायचं आणि बटण बंद होतं न होतं तोच, "अबे, चहा आज आणतं का उद्या?" हेही सगळ्या स्टँडला ऐकू जायचं. निवृत्तीनंतर माइक सुटला, आवाज सुटला नाही. माझं घर त्यांच्या घराला लागून. मधे कमरेएवढी भिंत. मी गावातल्या शाळेत मराठी शिकवतो, पण सकाळी माझ्या घरात जी मराठी ऐकू यायची ती त्यांचीच. "आंघोळीचे पाणी लागलेले आहे." "वर्तमानपत्र अद्याप आलेले नाही." त्यांच्या पत्नी शकुंतलाकाकू या घोषणांना एकाच वाक्यात उत्तर द्यायच्या, "ऐकलं, मी बहिरी नाई."

कॅमेरा आला तो दिवाळीत. मुलगा निखिल पुण्यात नोकरीला. दिवसातून चारपाच वेळा फोन करून "निघाला का, पोचला का, जेवला का" विचारणाऱ्या बापाला काहीतरी उद्योग मिळावा, म्हणून त्याने पुण्याच्या जुन्या बाजारातून ती वस्तू शोधून आणली. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी मला भिंतीवरून हाक आली.

"सर, या. रशियन आला."

मला वाटलं, निखिलबरोबर कोणी पाहुणा आला असेल. मी चांगला शर्ट घालून गेलो. पाहतो तर टेबलावर धुतलेला रुमाल अंथरलेला, त्यावर चामड्याच्या पेटीत एक जुना कॅमेरा, आणि त्याच्या कपाळावर हळदीकुंकवाचं बोट. वरच्या पत्र्यावर रशियन अक्षरं कोरलेली. पहिलं अक्षर आपल्याला इंग्रजी तीनच्या आकड्यासारखं दिसतं. साहेबांनी ते "थ्री ओ पी" असं वाचलं आणि हा त्याचा मॉडेल नंबर आहे असं मला समजावून सांगितलं. निखिल हळूच म्हणाला, "बाबा, ते झोर्की आहे. म्हणजे तीक्ष्ण नजरेचा." साहेब म्हणाले, "तेच सांगून राह्यलो मी सरले."

मी कॅमेरा हातात घेतला. वजन चांगलं होतं, एखाद्या लहान मुसळीसारखं. काकू म्हणाल्या, "सर, पायावर नका पाडू. आमचे एक दिवशी पाडतीनच."

कुठला फोटो काढणार, असं मी विचारलं. साहेबांच्या चेहऱ्यावर दुखावल्याची छटा आली.

"सर, हे काय मोबाईल हाये का, उचलला का दाबला? याची आधी ओळख करून घ्या लागते. मी ओळख करून घेऊन राह्यलो."

ही ओळख संक्रांतीपर्यंत चालली. रोज सकाळी पोर्चमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत ते बसायचे, कॅमेरा कानाशी धरायचे आणि रिकामाच वाजवायचे. खटक. मग गुंडी फिरवायची. परत खटक. शटरच्या आवाजावरून त्याची तब्येत कळते, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मोबाईलला नावं ठेवायचे, त्याने काढलेल्या फोटोला 'उष्टा फोटो' म्हणायचे, पण रोज त्याच मोबाईलने कॅमेऱ्याचा एक फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकायचे. जास्वंदीशेजारी कॅमेरा. तुळशीशेजारी कॅमेरा. उन्हात वाळत घातलेल्या मिरच्यांशेजारी कॅमेरा, खाली 'शुभ सकाळ'. रशियनने अजून कोणाचा फोटो काढला नव्हता, पण रशियनचे फोटो सगळ्या गावाकडे झाले होते.

या यंत्राचा एक नियम आहे. आधी गुंडी फिरवून शटर ताणायचं आणि मगच वेगाची चकती फिरवायची. उलटं केलं तर आतलं काहीतरी बिघडतं. साहेबांना तो नियम इतका आवडला की तो त्यांनी सगळ्या जगाला लावून टाकला. "आधी गुंडी, मग गती." काकूंनी गॅस मोठा केला की गुंडी. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने नवी मोटरसायकल घेतली की गुंडी. समोरच्या इंगळे वहिनींच्या मुलीचं लग्न घाईत ठरलं, तेव्हा साहेब साखरपुड्यात नवऱ्या मुलाला बाजूला घेऊन म्हणाले, "आधी गुंडी, मग गती." पोराने पुढे कितीतरी दिवस त्याचा भलताच अर्थ लावला आणि सासरी यायचा तेव्हा साहेबांच्या घरासमोरून जायचं टाळायचा.

संक्रांतीनंतर रोल भरला गेला. काळापांढरा, निखिलने पाठवलेला. रोलच्या टोकाची जीभ कात्रीने लांब कापावी लागते, ती त्यांनी काकूंच्या शिवणाच्या कात्रीने कापली. त्या दिवशी काकूंनी कात्री लपवली आणि परत कधी वर ठेवली नाही.

आता फोटो निघणार म्हणून आम्ही शेजारी एकेक करून अंगणात उभे राहिलो. तेव्हा कळलं की रशियनच्या भिंगातून फोटो काढणाऱ्याला काही दिसतच नाही. पाहायला वर वेगळी खिडकी असते. त्या खिडकीच्या मधोमध एक पिवळसर ठिपका, आणि ठिपक्यात समोरच्या माणसाची दुसरी, फिकी प्रतिमा. भिंगाची कडी फिरवत गेलं की ती फिकी प्रतिमा सरकत सरकत खऱ्या माणसावर जाऊन बसते. दोन माणसांचा एक झाला की फोटो स्पष्ट येतो. साहेबांनी हे मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी स्वप्नातही सांगू शकलो असतो. पण त्यांच्या खिडकीत दोनाचा एक काही होईना.

"सर, हालू नका. तुम्ही दोन दिसून राह्यले."

मी श्वास रोखला.

"अजून दोनच. तुमाले उभं राहाची सवय नाई."

मी रोज शाळेत उभं राहून पोट भरतो, पण ते बोललो नाही. इंगळे वहिनी दोन दिसल्या. त्यांची गाय दोन दिसली. विजेचा खांब दोन दिसला, तेव्हा साहेबांनी वीज मंडळाच्या कामाबद्दल मत दिलं. काकूंना उभं केलं तर त्याही दोन. काकू पदर सारखा करत म्हणाल्या, "लग्न होऊन एवढे वर्ष झाले, याईले मी कधी एक दिसली नाई. आता येकदम दोन."

त्याच सुमारास देविदास निवृत्त झाला. देविदास पवार हा कंडक्टर, दारव्हा रोडवरच्या बंजारा तांड्यावरचा. साहेबांपेक्षा बराच लहान, पण त्यांचा एकमेव मित्र. त्यांची मैत्री म्हणजे खिडकीच्या दोन्ही बाजूंनी रोज होणारं भांडण. देविदास म्हणायचा गाडी लेट आहे, साहेब म्हणायचे मार्गावर आहे. तरी त्याच्या डब्यातली भाकरी साहेबांनीच अर्धी खायची, असा वहिवाटीचा हक्क होता.

निवृत्तीचं जेवण तांड्यावर होतं. देविदास स्वतः निमंत्रण द्यायला आला आणि म्हणाला, "साहेब, याडी म्हणून राह्यली का ते जुने कपडे घालते त्या दिवशी. एक फोटो काढून द्या तिचा. चांगला."

तांड्यात आईला याडी म्हणतात. देविदासची आई इतकी म्हातारी होती की ती सगळ्याच तांड्याची याडी झाली होती. आरशांची कांचळी म्हणजे चोळी, घेरदार फेटिया म्हणजे घागरा, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, हा वेश तिच्या वयाच्या बायका गेल्यापासून तांड्यात कोणी घालत नव्हतं. तीही साडीवर आली होती. फक्त या एका दिवसासाठी तिने पेटी उघडायची ठरवली होती.

साहेबांनी हे काम सरकारी आदेशासारखं घेतलं. मी, काकू आणि ते असे तिघं बसने गेलो. कॅमेरा त्यांच्या गळ्यात आणि त्यावर काकूंनी शिवलेलं धूळ अडवायचं फडकं. मंडपात पोचताच त्यांनी फडकं काढलं आणि माइक नसताना माइकचा आवाज लावला.

"कृपया सर्वांनी इकडे लक्ष द्यावे. दारव्ह्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या मंडळींनी यवतमाळकडे तोंड करावे. लहान मुलांना पुढील बाजूस घ्यावे. ज्यांच्याजवळ मोबाईल आहेत त्यांनी ते टोपलीत जमा करावेत."

लोक हसले. साहेब हसले नाहीत.

"एकही मोबाईल बाहेर दिसला तर मी गुंडी फिरवणार नाही. एकतर खरा फोटो होईल, नाहीतर उष्टा. दोन्ही होणार नाहीत."

देविदासने स्वतः टोपली फिरवली. इतकी वर्षं खिडकीतल्या आवाजावर गाडी सोडलेला माणूस. त्याने आपल्या पोरांचे, सुनांचे, व्याह्यांचे मोबाईल गोळा केले आणि टोपलीवर टॉवेल टाकला.

याडी घरातून बाहेर आली तेव्हा मंडपातलं बोलणं थांबलं. आरशांवर ऊन पडून मंडपाच्या कापडावर कवडसे नाचायला लागले. तिच्या सुना एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांनीही तिला असं कधी पाहिलं नव्हतं. देविदास नुसता उभा होता. याडी लाकडी खुर्चीत बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि साहेबांकडे सरळ पाहिलं.

साहेबांनी तिला उन्हात अर्धा तास बसवलं. कडी इकडे फिरव, तिकडे फिरव, दोन पावलं मागे, दोन पुढे. शेवटी ते वैतागून म्हणाले, "देविदास, ही दोन दिसून राह्यली."

देविदास म्हणाला, "साहेब, मले एकच हाये."

अख्खा रोल तिथे संपला. शेवटचा खटक झाला तसं साहेबांनी हात वर करून "कार्यक्रम संपन्न" म्हटलं. टोपलीवरचा टॉवेल निघाला, पोरं मोबाईलवर तुटून पडली, पण याडी तोवर आत जाऊन कपडे बदलून आली होती. उन्हाने तिचं डोकं चढलं होतं. ती त्या दिवशी परत जुन्या कपड्यांत बसायला तयार झाली नाही.

आता नेरात किंवा यवतमाळात रोल धुणारं कोणी राहिलेलं नाही. रोल पुण्याला गेला. महिनाभर साहेबांनी निकालाची वाट पाहणाऱ्या बापासारखा चेहरा केला. मग एका रविवारी निखिलचा फोन आला. मी भिंतीशी उभा होतो. साहेबांचा मोबाईल नेहमी मोठ्या आवाजावर असायचा, त्यामुळे अर्ध्या गल्लीने ऐकलं.

"बाबा, रोल पूर्ण कोरा आहे. एकही फोटो नाही. भिंगावरचं झाकण काढलं होतं ना?"

साहेबांनी फोन ठेवला. मग ग्रुपवर संदेश आला की सदर रोल रशियन यंत्राशी सुसंगत नसल्यामुळे तांत्रिक कारणास्तव फोटो उपलब्ध होऊ शकलेले नाहीत.

आतून काकू म्हणाल्या, "झाकण तं लावलेलंच होतं."

"तुले कसं मालूम?"

"मी समोरच तं बसली होती. काळं झाकण, मले तिथूनच दिसत होतं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"मले वाटलं, झाकणातून बी दिसत असन. तुम्हीच रोज सांगता का हा साधा कॅमेरा नाई म्हणून."

मी हसू दाबायला भिंतीखाली वाकलो. ते हसू संध्याकाळपर्यंत टिकलं नाही, कारण संध्याकाळी देविदास आला. त्याच्यापर्यंत ग्रुपवरचा संदेश पोचला होता. मोटरसायकल बंद न करताच तो फाटकात उभा राहिला.

"साहेब, एक बी नाई?"

"बस, देविदास. चहा घे."

"चहा नाही पायजे. याडीचा बी नाई?"

झाकणाची गोष्ट सांगून टाकायची एवढंच काम होतं. दोन शब्दांचं. पण ज्या माणसाने आयुष्यभर रद्द गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही, त्याच्या तोंडून ते दोन शब्द कुठून निघणार? साहेबांनी घसा साफ केला आणि सगळ्यात वाईट जे बोलता येईल ते बोलले.

"तुझी आई हालत होती, देविदास. मी तिले किती वेळा सांगतलं."

"अर्धा तास उन्हात बसली ती," तो म्हणाला. "पापणी नाही हालवली तिनं." मग तो गाडीवर बसून निघून गेला. काकू चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी दोन्ही कप साहेबांसमोर ठेवले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर देविदास येईना. साहेबांनी रशियनवर राग काढला. भिंग वाकडं आहे, खिडकी वाकडी आहे, जुन्या बाजाराचा माल असाच. ओळख करून घेणं थांबलं. कॅमेरा कपाटावर गेला आणि ग्रुपवर जास्वंदीशेजारी नुसती जास्वंद यायला लागली.

पाऊस संपून कापूस फुटायला लागला तेव्हाची गोष्ट. सकाळी त्यांनी मला भिंतीवरून बोलावलं. आवाज माइकचा नव्हता.

"सर, जरा हे पाहता का? याची खिडकी वाकडीच हाये असं मले निखिलले लिहून पाठवायचं हाये. साक्ष पायजे."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. समोर शाळेच्या गच्चीवरची पाण्याची टाकी होती. ठिपक्यात दुसरी फिकी टाकी दिसत होती. मी कडी हळूच फिरवली. फिकी टाकी सरकत आली आणि खऱ्या टाकीवर अशी बसली की तिच्यावरचं कावळ्याचं पिल्लूसुद्धा मला स्पष्ट दिसलं.

"दोन दिसतात ना?" साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "एकच."

"नीट पाहा."

"एकच आहे साहेब. पिल्लू दिसतंय वर."

त्यांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला, स्वतःच्या डोळ्याला लावला, कडी फिरवली, परत फिरवली. मग कॅमेरा खाली घेतला आणि नुसत्या डोळ्याने टाकीकडे पाहिलं. एकदा उजव्या डोळ्यावर हात ठेवून, एकदा डाव्या. मी त्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं. मला आठवत होतं की गेले वर्षभर ते मला भिंतीवरून चहाचा कप देताना बशीच्या बाहेर धरत होते आणि मी ते म्हातारपणाच्या घाईवर ढकललं होतं.

दारातून काकू म्हणाल्या, "वर्ष झालं सांगून राह्यली का डोया दाखवा. तं म्हणे यंत्रात दोष हाये."

साहेबांनी कॅमेरा पेटीत ठेवला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "म्हणजे हालत कोणीच नोतं."

मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात पिकलेला. यवतमाळला ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो तेव्हा ते, ऑपरेशनच्या टेबलावर पडल्यापडल्या आपण डॉक्टरांना कसं सांगितलं की भिंग आतून पुसून बसवा, हे शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होते. तो माणूस पट्टी नसलेला डोळाही मिटून पडला होता. मला जरा बरं वाटलं, साहेब जागेवर आले होते.

नव्या डोळ्यांनी त्यांनी पहिलं काम केलं ते काकूंकडे पाहायचं. "केस पांढरे झाले का तुये?" ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "तुमच्या रशियात लेट पोचली वाटते बातमी."

पंधरवड्याने ते मला म्हणाले, "सर, तांड्यावर जाऊ." आम्ही तिघंच पुन्हा. देविदास तुरीच्या शेतातून आला, आम्हाला पाणी दिलं, खाट टाकली आणि दूर ओट्यावर जाऊन बसला. याडी अंगणात साध्या साडीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

साहेबांनी त्या जुन्या कपड्यांचं विचारलं.

देविदास तिथूनच म्हणाला, "ते नाहीत आता. नातीच्या लग्नात तिनं नातीले दिले. नातजावयानं शहरातल्या एका बाईले देऊन टाकले. त्या बाई म्हणे त्याच्या पर्सा शिवतात."

आरशांची ती कांचळी या क्षणी कुठल्या तरी लग्नात कुठल्या तरी बाईच्या खांद्यावर लोंबत असेल आणि लोक तिला कितीला घेतली म्हणून विचारत असतील, एवढं मला दिसलं. साहेब उठले. त्यांची पावलं मला घोषणेची वाटली, आणि मी मनातून घाबरलो. पण ते याडीसमोर जाऊन उकिडवे बसले. गुडघे वाजले.

"माय," ते म्हणाले, "त्या दिवशी तू हालली नोती. मीच झाकण काढलं नोतं."

हे त्यांनी अगदी हळू म्हटलं. स्टँडवर असते तर पहिल्या बाकालाही ऐकू गेलं नसतं. देविदास ओट्यावरून ऐकत होता. त्याने मान वळवली नाही.

याडीने शेंगा सोलणं थांबवलं. "आज उघडं हाये का?"

साहेबांनी झाकण काढून तिला दाखवलं, देविदासला दाखवलं, मला दाखवलं आणि खिशात घातलं.

"मंग काढ," याडी म्हणाली.

त्यांनी तिला हलू नको सांगितलं नाही. ती सोलत राहिली, ते कडी फिरवत राहिले. कुठल्या तरी क्षणी ते थांबले, आणि त्यांच्या ओठांवर असं हसू आलं की मला कळलं, दोनाची एक झाली. खटक. पुढे जाऊन अजून जवळून एक. देविदास उठून आला. "जेवून जा," तो म्हणाला, आणि साहेबांच्या ताटात अर्धी भाकरी वाढली.

फोटो पुण्याहून आले. म्हणजे आले मोबाईलवरच; इतका खटाटोप करून शेवटी 'शुभ सकाळ'च्याच खिडकीतून. याडीच्या हातांची एकेक रेघ, शेंगेचं एकेक साल, मांडीवर सांडलेले दाणे, सगळं असं स्पष्ट की हात लावावासा वाटे. फक्त तिचं डोकं कपाळापासून वर नव्हतं. रशियनची खिडकी भिंगाच्या वर असते. जवळून फोटो काढला की खिडकीत डोकं दिसतं, फोटोत येत नाही. ओळख करून घेण्यात इतके महिने घालवूनही हे प्रकरण साहेबांच्या नजरेतून सुटलं होतं. त्यांनी मला समजावून सांगितलं की रशियात फोटोला हातच महत्त्वाचे मानतात. देविदासने मात्र तो फोटो मोठा करून घरात लावला. म्हणाला, "डोळे तं आले साहेब. केस तसेही तिचे पांढरेच हायेत."

मी साहेबांना शेवटचं पाहिलं ते बसस्टँडवर. काकूंचे गुडघे दुखायला लागले होते आणि दोघं पुढच्या आठवड्यात कायमचे निखिलकडे पुण्याला जाणार होते. साहेब देविदासला निरोप द्यायला तांड्यावर निघाले होते, गळ्यात रशियन. मी यवतमाळच्या गाडीसाठी उभा होतो. त्यांची जुनी खिडकी आता रंगवलेली होती आणि आत एक तरुण मुलगी बसून गाड्या पुकारत होती. ती 'विलंबाने' म्हणाली, तेव्हा साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

बाजूला कॉलेजच्या चारपाच मुली आपापले फोटो काढत होत्या. त्यांनी म्हाताऱ्याच्या गळ्यातला कॅमेरा पाहिला आणि एक जण पुढे आली.

"आजोबा, आमचा ग्रुप फोटो काढता का? ह्याच्यावर." तिने मोबाईल पुढे केला.

मला वाटलं, आता उष्ट्या फोटोवर भाषण होणार. पण साहेबांनी मोबाईल घेतला. खुशीतच घेतला. मुलींना उन्हाकडे तोंड करायला लावलं, उंच मुलीला मागे पाठवलं. मग दोन्ही कोपर बरगड्यांना टेकवून, डावा डोळा मिटून, त्यांनी मोबाईल सरळ उजव्या डोळ्याला लावला. पडदा स्वतःकडे. नाकाला टेकेल इतका जवळ. मुली तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. साहेबांनी बोट शोधून दाबलं आणि मोबाईल परत दिला.

"आला का?"

मुलीने पडद्याकडे पाहिलं. तिने मघापासून स्वतःचेच फोटो काढले होते, त्यामुळे कॅमेरा उलटा लागलेला होता. ती हसली नाही. तिने तो मैत्रिणींना दाखवला, मग मलाही. सगळ्या पडद्यावर एक डोळा होता. थोडा धूसर, पाणावलेला, कडेला सुरकुत्या, आणि समोर काय आहे ते पाहायला पूर्ण उघडलेला.

"आला आजोबा," ती म्हणाली. "एक नंबर आला."

"येणारच," साहेब म्हणाले, आणि दारव्ह्याची गाडी लागली होती तिकडे चालू लागले.